ज्याला दुखतंय त्याची शिट्टी

दांडगे सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. बजाजनगरातल्या आमच्या शाळेत शोकसभा झाली, तेव्हा मुख्याध्यापक बोलले, संस्थेचे लोक बोलले. कुणी 'शिस्तप्रिय' म्हणालं, कुणी 'कर्तव्यदक्ष' म्हणालं. मला बोलायला सांगितलं, पण मी उठले नाही. माणूस गेला की त्याला असले कडक इस्त्रीचे शब्द घालतात आणि मग आत कोण होतं ते ओळखूच येत नाही. शिस्तप्रिय कसले हो! त्यांच्या तासाला जेवढा कालवा असायचा तेवढा आठवडी बाजारात नसतो. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचे, मला विचारा.

आडनाव दांडगे, पण अंगात दांडगं असं काही नाही. उंच, काटकुळे, मान पुढं काढून चालणारे. पूर्ण नाव अप्पासाहेब. गाव सोयगावकडचं, घरची कापसाची शेती भाऊ बघायचे. खेळाचे शिक्षक म्हणून पहिल्या दिवशी आले ते ट्रॅकपँटवर पांढरा, फुल बाह्यांचा शर्ट आणि पायात चपला अशा थाटात. मी म्हटलं, "सर, बूट कुठंयत?" तर म्हणाले, "बुटात पाय बहिरा होतो मॅडम. खाली काय चाललंय ते त्याला कळतच नाय." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, झालं, हा एक नमुना आला आपल्या नशिबी.

खुर्चीवर बसायचं त्यांना वावडं होतं. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे डबे उघडून बसलेलो असायचो आणि हे खिडकीपाशी उभे. डाव्या हातावर भाकरी, भाकरीवर ठेचा. "बसा की जरा, जेवण काय पळून चाललंय?" असं मी रोज म्हणायचे आणि ते रोज म्हणायचे, "बसलं की पोट दुमडतं मॅडम." सुनंदावहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, एकदा मला म्हणाल्या, "लग्नात सुद्धा पाटावर बसायला कुरकुर केली यांनी. भटजी बेजार झाले." शाळेतल्या प्रत्येक पोराला ते लेकरू म्हणायचे. दहावीतल्या मिसरूड फुटलेल्या धटिंगणाला सुद्धा. तो धटिंगणही मुकाट्यानं "व्हय सर" म्हणायचा.

शाळेच्या मागं मोडकी बाकं टाकायची एक पत्र्याची शेड होती. सरांनी ती रिकामी केली, कुठून कुठून गाद्या मिळवल्या आणि तिला 'हॉल' म्हणायला लागले. आम्ही हसलो. मग आम्हीही हॉल म्हणायला लागलो. तिथं जिम्नॅस्टिक्स सुरू झालं. आमच्याकडची पोरं म्हणजे वाळूजच्या कंपन्यांतल्या कामगारांची. आई-बाप दोघंही शिफ्टला, शाळा सुटल्यावर घराला कुलूप. ती सगळी हॉलमध्ये येऊन पडायची. पडायची म्हणजे खरोखरच पडायची. नव्या पोराला सर महिनाभर दुसरं काही शिकवायचेच नाहीत, नुसतं पडायला शिकवायचे. "हात टेकवायचा नाय. हात वाचवायचा. अंग गोल करायचं आन् जमिनीला म्हणायचं, घे बाई, आलो."

एकदा मुख्याध्यापक पाहणीला आले. तीस-चाळीस पोरं गादीवर धपाधप पडतायत हे बघून त्यांचा चेहरा पडला. "हे काय चाललंय दांडगे?"

"पडू राहिलेत सर."

"मग उभी कधी राहणार?"

"ते लेकरांना येतंच की. पडायला कुणी शिकवत नाय." एवढ्यावर थांबतील तर ते दांडगे सर कसले! "या ना सर, तुम्ही बी बघा पडून." आणि आमचे ते भारदस्त मुख्याध्यापक खरंच कोट काढून पडले. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग सर माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "मला नका सांगू. मी पडले तर उचलायला चौघं लागतील." यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हॉलमध्ये एक खुर्ची मात्र होती आणि तिची गोष्ट वेगळी आहे. सर आमच्याकडं नवे होते तेव्हाची. एका पोराचं नडगीचं हाड तडकलं होतं आणि स्पर्धेतून नाव कापलं जाईल म्हणून त्यानं ते लपवलं. चालता येईना तेव्हा उघडकीला आलं. सर त्या दिवशी स्टाफरूममध्ये येरझाऱ्या घालत होते. "लेकरू मला घाबरलं मॅडम. मला! माझ्यात घाबरण्यासारखं हाय काय?" तसं काहीच नव्हतं हे खरं. पण पोरं मास्तरला नाही घाबरत, ती खेळ बंद होण्याला घाबरतात.

मग त्यांनी हॉलमध्ये कायदा काढला: ज्याला दुखतंय त्याची शिट्टी. कुणी म्हटलं की सर, माझं अमुक दुखतंय, की सर आपल्या गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घालायचे आणि त्याला त्या खुर्चीवर बसवायचे. त्या दिवसापुरता तोच सर. त्यानं शिट्टी मारली की सगळ्यांनी थांबायचं, त्यानं सांगितलं ते करायचं, आणि सगळ्यांत सर सुद्धा आले. पाय मुरगळलेली चौथीतली चिमुरडी खुर्चीवर पाय हलवत शिट्टी मारतेय आणि आमचे दांडगे सर बेडूकउड्या मारतायत, हे मी माझ्या वर्गाच्या खिडकीतून कैक वेळा पाहिलंय. शिकवता शिकवता मला हसू फुटायचं, मग माझाच वर्ग माझ्याकडं बघत बसायचा.

याचा फायदा घेणारी पोरं निघणारच. आज याचं पोट, उद्या त्याचं डोकं. मी म्हणायचे, "सर, ती सोंगं घेतायत. तुम्हाला खुळ्यात काढतायत." ते म्हणायचे, "घेऊ द्या मॅडम. खोटं दुखणं परवडलं, लपवलेलं परवडत नाय." सोंग उघडं पडलं तरी रागवायचे नाहीत. नुसतं गालात हसायचे. पोरगंच मग ओशाळून गादीवर परत जायचं.

प्रज्ञा साळवे पाचवीत हॉलमध्ये आली. वडील सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होते. कंपनीच्याच कपड्यांत मोटारसायकलवरून तिला सोडायला यायचे. "जय भीम सर, आणली बघा तुमची पोरगी." सर म्हणायचे, "जय भीम साळवेभाऊ, सांजच्याला घेऊन जा, नायतर मी ठेवून घेईन." वहिनींना मूल नव्हतं. हे वाक्य सर कितीही हसत म्हणाले, तरी ते निव्वळ गंमत नव्हतं असं मला वाटायचं.

पोरगी एवढीशी, पण आवाज असा की पत्रे हलावेत. आणि अंगात नुसती स्प्रिंग. हातावर पालथी काय व्हायची, मागं उलटी उडी घेऊन हातांवर काय उतरायची! त्या खेळात माणूस पायापेक्षा हातावर जास्त चालतो. सर मला म्हणाले होते, "आपल्या हॉलमधून राज्याला कुणी गेलं तर ही जाईल मॅडम." तिला शिट्टीचंही भारी वेड. गुडघा फुटला म्हणून पहिल्यांदा खुर्चीवर बसली तर असा दरारा ठेवला की पोरांनी तिचं नाव इन्स्पेक्टर पाडलं. सरांकडून तर तिनं दुप्पट उड्या मारून घेतल्या.

सातवीत असताना एक दिवस म्हणाली, सर, मनगट दुखतंय. उजवं. सरांनी शिट्टी दिली. चार-दोन दिवस बसली, बरं वाटलं, परत गादीवर आली. पंधरवडा गेला असेल नसेल, पुन्हा मनगट. पुन्हा शिट्टी, पुन्हा बरं, पुन्हा दुखणं. सर स्वतः तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेले, फोटो काढला. फोटोत काही नाही. लचकलं असेल म्हणून पट्टी बांधून दिली. आणि आठवड्यात पोरगी परत म्हणाली, दुखतंय.

सर डबा घेऊन माझ्यापाशी आले. विभागीय स्पर्धा तोंडावर आली होती. "मॅडम, ही पोरगी शिट्टीच्या नादी लागली."

"कामून असं वाटतं तुम्हाला?"

"हातावर उभं राहायचं म्हटलं की दुखतं. शिट्टी गळ्यात पडली की दुखणं गायब. सूज नाय, फोटोत काय नाय. दप्तर उचलती, घरी पोळ्या लाटती. मग हे कसलं दुखणं?"

मी म्हटलं, "शहरात एखाद्या मोठ्या डॉक्टरला दाखवा."

"दाखवतो. पण आधी एक बघतो."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सगळ्या पोरांसमोर ते तिला म्हणाले, "प्रज्ञा, दुखत असंल तर बस लेकरा. खुशाल बस. पण आजपासून तुला शिट्टी मिळणार नाय."

ओरडले नाहीत, रागवले नाहीत. नेहमीसारखं गालात हसून म्हणाले. सोंगाड्या पोरांकडं बघून हसायचे तसं. प्रज्ञानं त्यांच्याकडं पाहिलं. मागं कुणीतरी फिदकन हसलं. ती उठली, गादीवर गेली आणि तिनं सगळा सराव केला. दुसऱ्या दिवशीही केला, तिसऱ्याही दिवशी. मनगटाचं नाव पुन्हा तिच्या तोंडून निघालं नाही. मी विचारलं, डॉक्टरकडं गेलात का, तर सर खूश होऊन म्हणाले, "गरजच पडली नाय मॅडम. बघितलं ना? शिट्टी गेली आन् दुखणं बी गेलं!" त्या दिवशी ते ठेच्याबरोबर माझ्या डब्यातलं लोणचंही खाऊन गेले.

मला आजही याचं नवल वाटतं आणि राग पण येतो. शाळेतल्या यच्चयावत पोरांची सोंगं या माणसानं हसत पचवली. शंका घेतली ती एकाच पोरीवर, आणि ती पोरगी खरं बोलत होती. तिच्यावर जीव होता म्हणूनच हे झालं. दुसरं कुणी असतं तर महिना-दोन महिने खुर्चीवर बसलं असतं, सरांना काय फरक पडणार होता? हिला राज्याला न्यायची घाई होती.

विभागीय स्पर्धेत ती पहिली आली. साळवेभाऊंनी तिला मोटारसायकलवर पुढं बसवून अख्ख्या बजाजनगरातून फिरवलं. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि मुख्याध्यापकांना मिठीच मारली. त्यांना एवढं खूश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

राज्यस्तरीय स्पर्धेच्या सरावात ते झालं. माझा तास संपला होता, मी वह्या घेऊन हॉलच्या दारात थांबले होते. प्रज्ञा हातांवर उभी होती, पाय वर, एकदम सरळ. मग ती हळूहळू खाली आली. पडली म्हणता येणार नाही, सरांनी शिकवल्यासारखं अंग गोल करून उतरली आणि उजवा हात मांडीवर धरून बसून राहिली. रडली नाही. सर धावले. धावता धावताच त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि तिच्या डोक्यावरून घालायला लागले. आणि ती एवढी मोठ्या आवाजाची पोरगी अगदी हळू म्हणाली, "शिट्टी नको सर. मला खरंच नको. नुसतं दुखतंय."

सर तिथंच गादीवर बसले. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

जालना रोडवरच्या हाडांच्या डॉक्टरांकडं मीही बरोबर गेले, कारण साळवेभाऊंची शिफ्ट होती. डॉक्टर चांगले होते, त्यांनी शांतपणे समजावलं. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडाच्या टोकाला एक मऊ जागा असते, हाड तिथून वाढतं. रोज उठून सगळ्या अंगाचा भार तिच्यावर पडला की ती दुखावते. आराम दिला की शांत होते, भार दिला की परत दुखते. म्हणून दप्तर उचलताना दुखत नव्हतं, हातावर उभं राहताना दुखत होतं. सुरुवातीला फोटोत ते दिसेलच असं नाही.

सरांनी विचारलं, "ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच खेळ थांबवला असता तर?"

"तर बहुतेक काहीच झालं नसतं," डॉक्टर म्हणाले. "काही महिने हातावर भार नको, एवढंच."

बाहेर येऊन सर पार्किंगमध्ये उभे राहिले आणि मोठ्यानं रडले. माणसं बघायला लागली. प्रज्ञाच त्यांना म्हणत होती, "सर, उगी ना. सर, चला ना घरी." त्या परिस्थितीत कुणी कुणाची समजूत काढायला हवी होती! मला दोघांचंही तोंड बघवेना.

साळवेभाऊ दुसऱ्या दिवशी शाळेत आले. भांडायला आले असतील असं आम्हाला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "सर, तुमचा काय दोष? आमच्या घरात राहून आम्हाला बी नाही समजलं." सर म्हणाले, "भाऊ, तुम्हाला तिनं सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं." साळवेभाऊंनी दोन शिव्या दिल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

पुढं मनगटाचं एक हाड वाढायचं थांबलं आणि शेजारचं वाढत राहिलं. हात वाकडा दिसायला लागला. ऑपरेशन झालं, थोडा फरक पडला. हातावर भार मात्र कायमचा बंद. व्यायामोपचारासाठी तिला शहरात न्यायचं असायचं, ते काम सरांनी कुणाला करू दिलं नाही. स्कूटरवर मागं प्रज्ञा, नगर नाक्यावरच्या त्या गर्दीतून हे दोघं जायचे आणि यायचे. आत तिचा व्यायाम चालायचा तोवर सर बाहेर उन्हात उभे. आत या म्हटलं तरी जायचे नाहीत.

मी प्रज्ञाला एकदा विचारलं, "का गं, मनगट एवढं दुखत होतं तर नंतर बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "बोलले असते तर सगळ्यांनी खोटारडी म्हटलं असतं मॅडम. सरांनी पण."

हॉल बंद झाला. मुख्याध्यापकांनी हरप्रकारे समजावलं, पालक येऊन गेले, जुनी पोरं येऊन गेली. सर ऐकेनात. परिपाठ घ्यायचे, कवायत घ्यायचे, पण शिट्टीऐवजी टाळ्या वाजवून. आणि त्यांना एक नवीन खोड जडली. व्हरांड्यात कुठलंही पोरगं दिसलं की त्याला थांबवायचे, "लेकरा, दुखतंय का कुठं?" पोरगं म्हणायचं, नाय सर. "खरं सांग. म्या काय करणार नाय तुला." पुढं पुढं पोरं त्यांना बघून वाट बदलायची, नवी पोरं तर नक्कल करायची. एका नक्कल करणाऱ्याला मी असा बदडला की पुढचे आठ दिवस तो माझ्या नजरेला नजर देईना. सरांना कळलं तर मलाच म्हणाले, "कामून मारलं मॅडम लेकराला? लागलं असंल ना त्याला."

मग सरांच्या किडन्या बिघडल्या. डायलिसिसच्या मशीनवर शहरात जावं लागायचं. रिटायर व्हायच्या आधीच शाळा सुटली. त्यांचं गालातलं हसू गेलं, चेहरा सुजायचा, हातांची नुसती काडी झाली. शहरातून परत आले की दिवसभर झोपून असायचे, असं वहिनी सांगायच्या. वहिनींनीच एकदा फोन केला. "मॅडम, हे रोज प्रज्ञाचं नाव काढतायत. तिला आणाल का?"

प्रज्ञा आता फार्मसीला होती, शहरात शिकत होती. लगेच आली. सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. जिन्यात मी तिला विचारलं, "हात कसा आहे गं आता?"

"थंडीत लई ठणकतो मॅडम. स्कूटीचा ब्रेक दाबला की इथून कळ येते, पार कोपरापर्यंत. परीक्षेत लिहिताना मधेमधे थांबावं लागतं. दुसरं ऑपरेशन सांगितलंय." मग ती पायरीवर थांबली. "सरांना नका सांगू हां."

सर पलंगावर पडून होते. आम्हाला बघून उठायची धडपड केली, वहिनींनी मागं उशी लावली. प्रज्ञा जवळ बसली. त्यांनी तब्येतीचं, अभ्यासाचं, साळवेभाऊंचं काही विचारलं नाही. तिचा उजवा हात हातात घेतला, मनगटावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "दुखतंय का लेकरा?"

"नाही सर."

"अजिबात नाय?"

"अजिबात नाही. हे बघा." तिनं मनगट गोल फिरवून दाखवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. दाखवताना हसत होती. मी तिच्या मागं उभी होते, तिची पाठ ताठरलेली मला दिसत होती.

सर बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ओळखणार. आयुष्यभर लेकरांची तोंडं बघितलेला माणूस. पण त्यांनी तिचा हात हळूच तिच्या मांडीवर ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणती तर नसंल दुखत."

मग मान वळवून त्यांनी स्वयंपाकघराकडं हाक मारली. आवाज बारीक झाला होता, पण कितीतरी वर्षांनी त्यात मोकळेपणा होता.

"सुनंदा, ऐकलं का? चहा टाक गं. नाय दुखत तिला आता."